फॉन्ट सापडला नाही

मारुती चौकातून आत वळलं की
झेरॉक्सच्या पाटीखाली माझं दुकान.
भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर एक मातकट रेघ,
कृष्णेचं पाणी इथवर येऊन गेलं.
जुना कॉम्प्युटर रेघेच्या खाली होता.

आताचा सेकंडहँड. भाच्यानं त्यात लिनक्स टाकलं,
म्हणाला, मावशी, फुकट आहे, हँग होणार नाही.
नाही झाला हँग.
फक्त पहिलीच फाईल उघडली
आणि अख्खं आमंत्रण चौकोनांचं आलं,
ओळीनं मांडलेल्या रिकाम्या काडेपेट्या.
स्नेहांकित चौकोन. स्थळ चौकोन.
वेळ इंग्रजी आकड्यांत होती
म्हणून तेवढी वाचली.

खाली विचारत होतं:
हा फॉन्ट सापडला नाही, दुसरा लावू?
मुहूर्त परवाचा.
देवनागरीचा एक गठ्ठा उतरवून घेतला,
लाव म्हटलं.
काडेपेट्या भरल्या. रेणुका ब्लाऊज सेंटर,
हरिपूर रोड, सांगली. सगळं आलं.
ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासून प्रिंट काढली.

प्रूफ बघायला भैरू कुऱ्हाडे आले,
हळदीच्या सौद्यातून थेट,
बोटं पिवळी, गुडघ्याला पट्टा.
त्यांना वाचता येत नाही.
कागद त्यांनी तळव्यावर घेतला, जोखल्यासारखा,
मग लांब धरला.
"ताई, ह्ये आमचं नाव न्हाई."

मी वाचून दाखवलं.
त्यांनी खिशातून हमालीचा बिल्ला काढला,
कागदाशेजारी ठेवला.
"ह्यो एकटाच भाईर का काढलाय?"
बोट टेकलं तिथं पिवळा ठसा,
आणि ठशाखाली
कु, मग र, पाय मोडलेला, बुडाशी टिंब,
आणि हाडे
दोन पावलं पुढं निघून गेलेलं.

दोनदा तपासलं होतं मी.
वाचता येतं ना, म्हणून पुढचं अक्षर
डोळा आपणच लावून घेतो.

मग मलाही दिसायला लागलं.
सांगलीतला ल काठी टेकत आलेला,
परमुलखातला,
आमच्यासारखाच बोलणारा, पण आमचा नव्हे.

फॉन्ट होता माझ्याकडे.
सीडीवर, पाकिटात, रेघेच्या वरच्या फळीला.
भाचा फोनवर सांगत होता:
नावाआधी टिंब दिलं की फोल्डर लपतं,
त्यात टाक.
आमच्यात टिंब डोक्यावर देतात, म्हटलं,
आणि ते नाकातून बोलतं.
तो हसला नाही. त्याची परीक्षा होती.
काळ्या खिडकीत एक ओळ टाईप केली:
घरात कोण कोण आहे, नव्यानं मोज.
मशीननं मोजलं, नवा पाहुणा धरून.
सॉफ्टवेअरला मात्र तो दिसेना.
ते म्हणे आपल्याच डब्यात झाकण लावून बसतं,
घरातलं बघायची परवानगी द्यावी लागते.
दिली. बंद केलं. उघडलं.
पुन्हा बंद केलं.

भैरू स्टुलावर बसून होते.
दोन चहा झाले. पोतं पाठीवर घेताना
गाठ कुठल्या खांद्याला यावी ते सांगत होते,
चुकली गाठ तर वजन तेवढंच, पण चालवत नाही.
मी हं हं करत होते, कान अर्धेच.

तिसऱ्यांदा उघडलं आणि
र नं पाय काढून घेतला,
नुसती कोर उरली, पात्यासारखी,
हा च्या अंगाला लागून.
कुऱ्हाडीला पातं बसलं.

त्यांनी बिल्ला पुन्हा शेजारी धरला.
ओठ हलले नाहीत, नुसती मान.
"आता गाठ जाग्यावर हाय.
शंभर काढा. पोरगी म्हणत होती पन्नास,
पर शंभरच काढा."

ते गेल्यावर दुकान आवरलं.
मेनूच्या अगदी तळाला
दोन चौकोन अजून आहेत.
त्यांत काय लिहिलंय माहीत नाही,
त्यांच्यावाचून अजून काही अडलेलं नाही.
पिवळ्या ठशाचं प्रूफ मात्र
रद्दीत टाकायचं राहिलंय.